पोपच्या वकिलातीतला वांद्र्याचा माणूस

पहाडगंजच्या हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की काउंटरवरचा पोरगा त्याच्या पासपोर्टची प्रत काढतो आणि फॉर्म भरून सरकारला कळवतो. या वस्तीइतके परदेशी रोज मोजणारी दुसरी वस्ती दिल्लीत क्वचितच असेल. इथून पंचकुइयां रस्ता ओलांडून भाई वीरसिंग मार्गाला लागलं की गोल डाकखान्याशी सेक्रेड हार्ट कॅथीड्रल येतं. हेन्री मेड या वास्तुविशारदाचं हे काम. शेजारीच भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेचं कार्यालय आहे. तिथून दक्षिणेला चाणक्यपुरीत नीती मार्गावर पोपची वकिलात. तिथल्या परदेशी आर्चबिशपाचं नाव गोल डाकखान्याला रविवारच्या मिस्साला येणाऱ्या किती जणांना सांगता येईल, शंकाच आहे. पण वसईचा, पुण्याचा किंवा नाशिकचा पुढचा बिशप कोण, या प्रश्नात त्या माणसाच्या कागदाला जेवढं वजन आहे तेवढं त्या त्या गावच्या सगळ्या भाविकांच्या मताला मिळूनही नाही.

या माणसाला नुन्सिओ म्हणतात. त्याच्याकडे दोन कामं असतात. एक यजमान देशाच्या सरकारशी बोलण्याचं, दुसरं त्या देशातल्या चर्चवर पोपच्या वतीने लक्ष ठेवण्याचं. वर्तमानपत्रात पहिलंच दिसतं: राष्ट्रपती भवनातला ओळखपत्रांचा सोहळा, पंतप्रधानांची भेट, पोपच्या दौऱ्याची तयारी. माझ्या मते निदान भारतात तरी दुसरं कामच खरं आहे, पहिलं बहुतांशी शिष्टाचार. चर्चच्या परराष्ट्रसेवेचा आढावा घ्यायचा तर तिला चर्चची अंतर्गत प्रशासनसेवा समजूनच घ्यावा लागतो. दिल्लीच्या मराठी माणसाला वकील म्हटलं की हिंगणे आठवतात. पेशव्यांचे हे वकील मोगल दरबाराची खबर पुण्याला धाडत. नुन्सिओच्या टपालात मात्र दरबारापेक्षा आपल्याच माणसांची खबर जास्त असते.

आधी कायद्याची बाजू. राजनैतिक संबंध असतात ते रोमच्या पोपपीठाशी, व्हॅटिकन सिटी या छोट्या राज्याशी नव्हे. ते राज्य जन्मलं १९२९च्या लॅटरन करारातून. त्याआधी १८७० पासून पोपकडे हक्काची वीतभरही जमीन नव्हती, तरी त्याचे राजदूत नेमले जात होते आणि राज्यं ते स्वीकारत होती. आज १८० हून अधिक देशांशी हे संबंध आहेत. १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या १४व्या कलमात राजदूत आणि नुन्सिओ एकाच पायरीवर बसवले आहेत. १६व्या कलमाने पोपच्या प्रतिनिधीला अग्रक्रम देण्याची जुनी प्रथाही शाबूत ठेवली आहे. ही प्रथा पाळणाऱ्या देशांत नुन्सिओ आपोआप सगळ्या राजदूतांचा अध्यक्ष होतो. भारताने ती पाळली नाही. त्यामुळे १९४८ साली दिल्लीत आलेला प्रतिनिधी पूर्ण नुन्सिओ नव्हे, इंटरनुन्सिओ होता आणि १९६७ पासून बराच काळ प्रो-नुन्सिओ. पदव्यांचा हा चढ-उतार वाचकाला कंटाळवाणा वाटेल, पण त्यातून एक गोष्ट कळते: नेहरूंच्या भारताने पोपच्या माणसाला आदराने खुर्ची दिली, फक्त ती इतर राजदूतांच्या रांगेतच मांडली. भारताची स्वतःची बाजू आणखी बोलकी आहे. पोपकडे पाठवायचा वेगळा निवासी राजदूत भारताने रोममध्ये ठेवलेला नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा आपला राजदूतच ते काम जोडीला सांभाळतो.

या सेवेत माणूस शिरतो तो रोमच्या एका जुन्या संस्थेतून. १७०१ साली स्थापन झालेली पोपची चर्च-अकादमी पियाझ्झा देल्ला मिनेर्व्हा या चौकात आहे. एके काळी ती नावानेच खानदानी पुरोहितांची अकादमी होती. अर्ज करून तिथे जाता येत नाही. बिशपाने हुशार तरुण फादर निवडून पाठवायचा. मग चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट, राजनयाचा इतिहास आणि भाषांवर भाषा. पुढे एखाद्या वकिलातीत सचिव, मग काउन्सेलर, दर तीन-चार वर्षांनी नवा देश, आणि पन्नाशीच्या आसपास नशीब व काम दोन्ही बरं असेल तर नुन्सिओ. नुन्सिओ होताना तो आर्चबिशपही होतो, म्हणून त्याला एक धर्मप्रांत लागतो. तो त्याला दिला जातो खरा, पण असा, की जिथे आज ना चर्च उरलंय ना भाविक. वाळवंटात किंवा शेताखाली गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन शहरांची नावं या कामी येतात. माणूस आर्चबिशप तर होतो, पण त्याच्या कळपात एकही मेंढरू नसतं. पोप फ्रान्सिस यांना ही उणीव बोचत असावी. २०२० साली त्यांनी अकादमीच्या विद्यार्थ्यांना एक वर्ष एखाद्या मिशन भागात काम करणं सक्तीचं केलं.

आपल्याकडचा या सेवेतला सर्वांत लांब पल्ल्याचा प्रवासी म्हणजे इव्हान डायस. वांद्र्यात १४ एप्रिल १९३६ रोजी जन्म, घराणं मूळचं गोव्याचं. एक भाऊ भारतीय लष्करात लेफ्टनंट जनरल झाला. एका भावाने देशाच्या सीमा सांभाळल्या आणि दुसऱ्याचं आयुष्य सीमा ओलांडण्यात गेलं. डिसेंबर १९५८ मध्ये मुंबईत दीक्षा, तीनेक वर्षं पॅरिशमधलं काम, आणि मग रोमची अकादमी. १९६४ साली सेवेत रुजू झाल्यावर पहिलं मोठं काम हाती आलं ते माहेरचंच. वर्षाअखेरीस मुंबईला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरायची होती आणि पोप पॉल सहावे तिला येणार होते. भारतात येणारे ते पहिले पोप. त्या दौऱ्याच्या तयारीत डायस होते.

या दौऱ्यामागे एक कथा होती, आणि ती गोव्याशी जोडलेली होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर शतकानुशतकं पाद्रोआदो नावाचा हक्क होता. बिशप कोण हे लिस्बनने सुचवायचं आणि रोमने मान्य करायचं. रोमने धर्मप्रसाराचं स्वतःचं खातं उघडलं, तेव्हा मुंबईत एकाच शहरात दोन अंमल सुरू झाले. एक चर्च गोव्याच्या आर्चबिशपाचं ऐकायचं, शेजारचं रोमच्या व्हिकराचं. १८८६च्या कराराने हे भांडण काहीसं निवलं. १९२८च्या कराराने तर अजबच तोडगा काढला: मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश, आळीपाळीने. या पाळीप्रमाणे जोआकिम लिमा यांच्यानंतर १९३७ साली इंग्लिश जेज्वित थॉमस रॉबर्ट्स आले. ज्यांच्या पोरांना बाप्तिस्मा द्यायचा त्यांचा कुणी या पाळीत नाही, हे रॉबर्ट्सना खटकलं. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे साहाय्यक बिशप झाले आणि रॉबर्ट्स मुंबई सोडून गेले. पद मात्र सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर कराराप्रमाणे पाळी पोर्तुगिजांची होती. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने नव्या करारात हक्क सोडला, रॉबर्ट्सनी लगेच राजीनामा दिला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. जानेवारी १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले. एक खुर्ची चार वर्षं मुद्दाम अडवून धरणं हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा राजनय वाटतो. गंमत म्हणजे तो करणारा माणूस राजनैतिक सेवेतला नव्हताच.

गोव्याचा प्रश्न मात्र पुढे लांबला. जुलै १९५५ मध्ये नेहरू रोमला पोप बाराव्या पायस यांना भेटले आणि गोवा हा राजकीय प्रश्न आहे, धार्मिक नव्हे, हे पोपना मान्य असल्याचं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. गोवा म्हणजे कॅथलिक भूमी असा डांगोरा पिटणाऱ्या पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारसाठी हा फटका होता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी पोप मुंबईला येणार हे कळल्यावर पोर्तुगालने उघड संताप व्यक्त केला. गोव्याचे पोर्तुगीज पॅट्रिआर्क जोसे व्हिएरा आल्व्हेर्नाझ १९६२ साली गोवा सोडून गेले. रोमने मात्र त्यांच्या जागी नवा आर्चबिशप नेमला नाही, गोमंतकीय प्रशासक नेमून कारभार चालवला. पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क अधिकृतपणे मान्य केल्यावर १९७५ साली आल्व्हेर्नाझनी राजीनामा दिला आणि १९७८ साली राउल गोन्साल्व्हिस आर्चबिशप झाले. गोव्याच्या भाविकांना सोळा वर्षं कायमचा धर्माध्यक्ष नव्हता. दोन सरकारांपैकी कुणालाही दुखवायचं नाही, या एका सूत्रापोटी हे झालं. बाहेरून हा संयम दिसतो. आतून पाहिलं तर एका धर्मप्रांताला इतकी वर्षं ताटकळत ठेवल्याची किंमत दिसते.

डायस यांच्याकडे वळू. १९६५ ते १९७३ या काळात उत्तर युरोपातले देश, इंडोनेशिया आणि मादागास्कर इथल्या वकिलातींत सचिव. नंतर नऊ वर्षं रोमच्या सचिवालयात. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या देशांची यादी वाचली तरी दम लागतो: सोव्हिएत संघ, पोलंड, बल्गेरिया, चीन, व्हिएतनाम, शिवाय दक्षिण व पूर्व आफ्रिकेचे डझनभर देश. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट सरकारांशी व्हॅटिकनचे मुत्सद्दी अगोस्तिनो काझारोली यांच्या सबुरीच्या वाटाघाटी चालू होत्या तो हा काळ. १९८२ साली डायस आर्चबिशप आणि घाना, टोगो व बेनिनचे प्रो-नुन्सिओ झाले. नावाचा धर्मप्रांत मिळाला रुसुबिसिर, आजच्या अल्जीरियात कधीकाळी असलेलं शहर. १९८७ ते १९९१ दक्षिण कोरियात. १९८९ साली सेऊलला पोप जॉन पॉल दुसरे युखरिस्तिक काँग्रेससाठी आले, तेव्हा नुन्सिओ म्हणून डायसच होते.

मग आलं आल्बेनिया. माझ्या माहितीत या सेवेत इतकी उघडी-बोडकी नेमणूक क्वचितच कुणाच्या वाट्याला आली. एन्व्हर होजाच्या राजवटीने १९६७ साली देशातली सगळी प्रार्थनास्थळं बंद केली आणि जगातलं पहिलं नास्तिक राज्य असल्याची द्वाही फिरवली. १९७६च्या संविधानात धर्मावरची बंदी लिहूनच टाकली. किती तरी पुरोहित तुरुंगात मेले. सप्टेंबर १९९१ मध्ये पोपपीठाशी संबंध पुन्हा जुळले आणि पहिले नुन्सिओ म्हणून डायस तिरानाला गेले. ज्या देशात चर्चची घडीच उरलेली नाही तिथे नुन्सिओने अहवाल तरी कुणाबद्दल लिहायचा? इथे सेवेचं ते दुसरं काम शुद्ध स्वरूपात दिसतं. चर्चची मांडणी नव्याने करायची, तुरुंगातून जगून बाहेर आलेल्या म्हाताऱ्या फादरांतून माणसं निवडायची. दक्षिण आल्बेनियाचा धार्मिक कारभारही पुढे डायस यांच्याकडेच आला. म्हणजे वकील आणि कारभारी एकाच अंगरख्यात. २५ एप्रिल १९९३ रोजी जॉन पॉल दुसरे तिथे आले आणि त्यांनी एका दिवसात चार बिशपांना दीक्षा दिली. आल्बेनियन वंशाच्या मदर तेरेसांच्या सिस्टर्सही त्याच सुमारास तिथे कामाला लागल्या होत्या. पहाडगंजापासून फार लांब नसलेल्या दिल्लीच्या वकिलातीचा इथे एक धागा आहे. १९५७ ते १९६७ दिल्लीत असलेले ऑस्ट्रेलियन इंटरनुन्सिओ जेम्स नॉक्स हे मदर तेरेसांचे मोठे पाठीराखे होते. त्यांच्या संस्थेला १९६५ साली रोमची थेट मान्यता मिळाली तीत नॉक्स यांच्या शब्दाचा मोठा वाटा होता.

नोव्हेंबर १९९६ मध्ये डायस यांना मुंबईचे आर्चबिशप नेमलं. त्यांच्या आधी होते सायमन पिमेंटा. मरोळचा हा ईस्ट इंडियन माणूस. घरची बोली मराठी, आयुष्य मुंबईच्याच धर्मप्रांतात गेलेलं. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थाला कोपनहेगन, जाकार्ता, आक्रा, सेऊल, तिराना ठाऊक होतं. कित्येक भाषा येत होत्या. स्वतःच्या शहरातलं पॅरिश मात्र त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी सोडलं होतं. ही निवड योग्य होती का? मला ती अर्धीच पटते. मुंबईला रोमची गुंतागुंत जाणणारा माणूस मिळाला. १९९८ साली मुंबईतून वसईचा वेगळा धर्मप्रांत निघाला, थॉमस डाबरे तिथले पहिले बिशप झाले आणि तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाला स्वतःचं पीठ मिळालं. पण परराष्ट्रसेवेतून थेट महानगरावर नेमणूक करणं म्हणजे जन्मभर इथेच राबलेल्या सगळ्या पुरोहितांना एक संदेश देणं. विश्वास कुणावर आहे, तो रोमने ओळखलेल्या माणसावर, असा तो संदेश. असं जगभर होतं. नॉक्सही दिल्लीहून मेलबर्नचे आर्चबिशप झाले.

२००१ साली डायस कार्डिनल झाले, २००५च्या पोप-निवडणुकीत संभाव्य नावांत त्यांचीही चर्चा वर्तमानपत्रांनी केली. मे २००६ मध्ये नवे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना रोमला धर्मप्रसार खात्याचे प्रमुख म्हणून बोलावलं. पाद्रोआदोशी भांडलेलं ते हेच खातं. भारतातल्या लॅटिन पंथाच्या धर्मप्रांतांच्या फायली तिथेच जातात. नुन्सिओ म्हणून ज्याने बिशपपदासाठीच्या नावांचे अहवाल वर्षानुवर्षं पाठवले, तोच आता असे अहवाल वाचून पोपपुढे शिफारस ठेवणार होता, आणि त्यांत मायदेशाचेही होते. २०११ साली ते निवृत्त झाले, १९ जून २०१७ रोजी रोममध्येच वारले.

त्या अहवालांची रीत बघण्यासारखी आहे. एका प्रांतातले बिशप अधूनमधून लायक पुरोहितांची यादी करतात. जागा रिकामी झाली की नुन्सिओ आपली चौकशी सुरू करतो. निवडक लोकांना गोपनीय प्रश्नावली जाते: उमेदवाराची प्रकृती, स्वभाव, पैशाचा व्यवहार, शिकवणीवरची निष्ठा. उत्तर देणाऱ्याने आपल्याला विचारलं होतं हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. शेवटी तीन नावं, क्रम लावून, स्वतःच्या मतासह रोमला जातात. चर्चच्या कायद्याचं ३७७वं कलम सांगतं की सुज्ञ सामान्य भाविकांचं मतही घेता येईल, पण नुन्सिओला योग्य वाटल्यास. म्हणजे लोकांना विचारायचं की नाही, हे लोक ठरवत नाहीत. दलित ख्रिस्ती संघटनांची जुनी तक्रार आहे की या गोपनीय चाळणीतून त्यांची माणसं वर येत नाहीत. भारताला पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, मिळाला तो थेट २०२२ साली.

तक्रारीचं दारही हेच. २०१८ साली केरळमधल्या एका ननने जालंधरच्या तत्कालीन बिशपांविरुद्ध दिल्लीच्या नुन्सिओंना पत्र लिहिलं, ते उघड झालं, देशभर गाजलं. बिशपांना अटक झाली, २०२२च्या जानेवारीत कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, २०२३ साली त्यांनी राजीनामा दिला. खटल्याच्या गुणदोषात इथे जायचं नाही. प्रश्न कार्यपद्धतीचा आहे. तेव्हा चर्चमध्ये बिशपाविरुद्ध दाद मागायची ती मुख्यतः एका परदेशी राजदूताकडे, आणि त्याने पत्राला उत्तर द्यावं असं सांगणारा नियम तक्रारदाराच्या हाती नव्हता. राजनैतिक संरक्षणामुळे त्याला कुठलंही न्यायालय साक्षीला बोलावू शकत नाही. हे संरक्षण कधी कधी खुद्द नुन्सिओलाच आडोसा देतं. डोमिनिकन रिपब्लिकमधले योझेफ वेसोवोव्स्की यांच्यावर लहान मुलांच्या शोषणाचे आरोप झाले, तेव्हा व्हॅटिकनने त्यांना परत बोलावून घेतलं आणि २०१४ साली पुरोहितपद काढून घेतलं. फ्रान्समधले लुईजी व्हेन्तुरा यांचं संरक्षण मात्र व्हॅटिकननेच उठवलं आणि २०२० साली पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना लैंगिक गैरवर्तनाबद्दल शिक्षा सुनावली.

सरकारी दाराविषयी थोडक्यात. परदेशी मिशनऱ्यांचे व्हिसा, मिशनऱ्यांच्या कामाबद्दल १९५६ साली नागपुरात आलेला नियोगी समितीचा अहवाल, धर्मांतरबंदीचे कायदे, चर्चवरचे हल्ले, परदेशी देणग्यांचे नियम, असे विषय वर्षानुवर्षं तेच आहेत. त्यांवर जाहीरपणे बोलतात ते भारतीय बिशप. नुन्सिओ गप्प राहतो, आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण परदेशी आर्चबिशपाने तोंड उघडलं की चर्च परकं असल्याचा जुना आरोप पुन्हा वर येतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये जॉन पॉल दुसरे दिल्लीला आले, गोल डाकखान्याच्या कॅथीड्रलमध्ये त्यांनी आशियावरचा दस्तऐवज जाहीर केला आणि ऐन दिवाळीत नेहरू स्टेडियमवर मिस्सा केली. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक येवो, या त्यांच्या शब्दांवरून गदारोळ उठला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधान मोदींनी पोप फ्रान्सिस यांना भारतभेटीचं आमंत्रण दिलं. फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले, भारतात न येताच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नुन्सिओ निरनिराळ्या देशांतून घ्यावेत असं सुचवलं होतं. तोवर ही सेवा जवळजवळ इटालियनांचीच होती. भारतातून त्यानंतर नुन्सिओ होऊ लागले, बहुतेक केरळचे. मंगळूर भागातले अँब्रोज माड्ता आयव्हरी कोस्टमध्ये नुन्सिओ असताना २०१२च्या डिसेंबरात मोटार-अपघातात गेले. केरळचे जॉर्ज कूवाकाड अल्जीरिया, कोरिया, इराण, कोस्टा रिका, व्हेनेझुएला इथल्या वकिलातींतून जाऊन पोपच्या दौऱ्यांचे संयोजक झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये थेट कार्डिनल. दिल्लीत मात्र डच, ऑस्ट्रेलियन, स्पॅनिश, इटालियन असे परदेशीच येत राहिले. नुन्सिओ स्वतःच्या देशात नेमायचा नाही अशी रीत आहे. भारताचे बिशप निवडणाऱ्या चौकशीचा प्रमुख त्यामुळे नेहमी परका असतो. पाच-सहा वर्षांत त्याला सायरो-मलबार पंथातले वाद, गोव्याची जात, वसईची मराठी आणि झारखंडची मुंडारी सगळं समजावं अशी अपेक्षा. समजतं ते दुभाष्यांमार्फत आणि स्थानिक चर्चमधल्या वजनदार माणसांमार्फत. परका म्हणून निःपक्षपाती, हा रोमचा युक्तिवाद. गटबाजीत अडकलेल्या एखाद्या धर्मप्रांतात त्याचा खरंच उपयोग होतोही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला भरलेल्या सिनडच्या, म्हणजे चर्चच्या सल्लागार सभेच्या, अहवालाने एक सूचना केली: नुन्सिओच्या कामाचं मूल्यमापन त्या त्या देशातल्या चर्चने करावं. तीन शतकांहून जुन्या अकादमीतून आलेल्या सेवेला ही सूचना पचायला जड आहे. ती मान्य झाली तर चाणक्यपुरीतून आजवर एकाच दिशेने जाणाऱ्या अहवालांना पहिल्यांदाच उलट टपाल सुरू होईल. तोवर ३७७व्या कलमातलं ‘योग्य वाटल्यास’ तसंच लागू राहील.